बेलगाम सत्तेपाशी पैसा थांबत नाही

कुठेही युद्ध पेटलं की चार दिवसांत एक आकडा येतो. इतक्या अब्ज डॉलरचं नुकसान. पूल पडले, कारखाने जळाले, बंदरं बंद झाली. आकडा खोटा नसतो. पण संघर्षाने अर्थव्यवस्थेचं नेमकं काय बिघडतं हे त्यातून कळत नाही, उलट दिशाभूलच होते, असं माझं मत होत चाललंय. पडलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहतात, आणि पुष्कळदा आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर राहतात.

जपान घ्या. डोनाल्ड डेव्हिस आणि डेव्हिड वाइनस्टीन या दोन अर्थतज्ज्ञांनी दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या जपानी शहरांची लोकसंख्या पुढे कशी वाढली ते तपासलं. साधारण पंधरा-वीस वर्षांत बहुतेक शहरं युद्धाआधीच्या आपापल्या चालीवर परत आली होती. हिरोशिमा आणि नागासाकीसुद्धा. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने ज्या जिल्ह्यांवर सर्वात जास्त बॉम्ब टाकले ते काही दशकांनंतर इतरांपेक्षा गरीब आहेत का, हे एडवर्ड मिगेल आणि जेरार्ड रोलाँ यांनी पाहिलं. ठळक फरक सापडला नाही. (गेलेली माणसं परत आली नाहीत, हे वेगळं सांगायला नको. मी इथे फक्त व्यवहाराबद्दल बोलतेय.)

आता दुसरं टोक बघा. स्पेनच्या बास्क प्रांतात एटा या फुटीरतावादी संघटनेने चार दशकं हिंसाचार केला. आठशेहून अधिक माणसं मारली गेली. पण शहरं उद्ध्वस्त झाली नाहीत, कारखान्यांच्या चिमण्या जागच्या जागी राहिल्या. फक्त उद्योजकांना 'क्रांतिकर' मागणारी पत्रं यायची, आणि काहींची अपहरणं व्हायची. एटाचा उपद्रव नसता तर हा प्रांत कुठवर गेला असता याचा अंदाज अल्बेर्तो अबादी आणि हाव्हिएर गार्देआसाबाल यांनी कातालोनिया आणि माद्रिदच्या आकड्यांवरून बांधला. दरडोई उत्पन्न त्या अंदाजाच्या सुमारे दहा टक्के खाली निघालं. १९९८ च्या सप्टेंबरात एटाने शस्त्रसंधी जाहीर केली. ती टिकेल असं वाटू लागलं तेव्हा बास्क कंपन्यांच्या शेअरनी इतरांपेक्षा बरी चाल केली, आणि पुढच्या वर्षाअखेरीस ती मोडली तेव्हा ते मागे पडले. मधल्या काळात ना कुठली यंत्रं बदलली, ना कामगार.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला तरी एकच अर्थ लागतो. जपानमध्ये १९४५ नंतर बॉम्ब पडायचे थांबले होते, आणि ते खरंच थांबलेत याबद्दल कुणालाच शंका नव्हती. बास्कमध्ये पुढचं पत्र कधी येईल, किती मागेल, दिल्यावर पुन्हा मागणार नाही कशावरून, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. माणूस नुकसान सोसतो आणि पुन्हा कामाला लागतो. ज्याच्या हातात बळ आहे तो उद्या कसा वागेल हेच कळेनासं झालं, की मात्र तो हात आखडता घेतो.

हे सर्वात जवळून दिसतं ते मालट्रकच्या एका अभ्यासात. इंडोनेशियाच्या आचे प्रांतात फुटीरतावादी बंडखोर आणि सरकार यांच्यात जवळपास तीस वर्षं संघर्ष चालला. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, आणि २००५ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीत शांतता करार झाला. करारानुसार तीस हजारांहून अधिक सैनिक आणि पोलीस टप्प्याटप्प्याने प्रांतातून माघारी निघाले. नेमक्या त्याच काळात बेन ओल्केन आणि पॅट्रिक बॅरन यांनी मालट्रकच्या केबिनमध्ये चालकाशेजारी आपली माणसं बसवली. तीनशेहून जास्त फेऱ्या झाल्या आणि सहा हजारांहून जास्त वेळा झालेली बेकायदा वसुली वहीत उतरली.

दृश्य असं असायचं. नाका आला की ट्रक हळू होतो. चालक काच खाली करून हात बाहेर काढतो. हातात पाच-दहा हजार रुपियाची नोट, म्हणजे तेव्हाच्या भावाने अर्धा ते एक डॉलर, किंवा सिगारेटचं एखाद-दुसरं पाकीट. पुढे चला. बोलाचाली फारशी नाहीच. नाक्यावर माणसं जास्त असली, बंदूक समोर दिसत असली, की रक्कम वाढायची. किरकोळ वाटतं ना? पण एका फेरीच्या खर्चात या वसुलीचा वाटा तेरा टक्के निघाला. चालकाच्या पगाराचा वाटा त्याहून कमी होता.

मला यातली दोन निरीक्षणं फार मोलाची वाटतात. सैन्य हटलं तसे नाके कमी झाले, पण उरलेल्या नाक्यांनी आपला दर वाढवला. एकूण भुर्दंड कमी झाला, पण नाके घटले त्या मानाने नाही. प्रत्येक नाकेवाला आपल्यापुरतं बघतो. आपण जास्त ओढलं तर लोक या रस्त्याने यायचेच बंद होतील आणि सगळ्यांचंच उत्पन्न बुडेल, हा विचार करायला वर कुणी बसलेलं नसतं. दुसरं असं की मुक्काम जवळ येईल तसा दर चढायचा. हे तर अगदी सरळ आहे. अर्ध्या वाटेवरचा ट्रक वैतागून माघारी फिरू शकतो, पण शेवटच्या नाक्यावर पोचलेला कुठे जाणार?

कारखाना, धरण, खाण, फळबाग, या सगळ्या गोष्टी म्हणजे शेवटच्या नाक्यावर पोचलेला ट्रक. पैसा एकदा जमिनीत रुतला की वाटाघाटीत मालकाचं बळ संपतं. म्हणून अस्थिर मुलुखात व्यापार पूर्ण थांबतो हा समज चुकीचा आहे. व्यापार चालतो, पण त्याची जात बदलते. जे खिशात मावतं, रातोरात हलवता येतं, सहा महिन्यांत वसूल होतं, तेवढंच टिकतं. सोमालियात १९९१ मध्ये केंद्र सरकार कोसळल्यावर हवाला, टेलिफोन आणि गुराढोरांची निर्यात चालू राहिली, काही बाबतींत वाढलीसुद्धा. 'बघा, सरकारविना चाललं' असं म्हणणारे यावर फार खूश असतात. पण वीस वर्षांनी फळ देणारी गोष्ट तिथे किती जणांनी लावली, हेही त्यांनी बघावं.

मॅन्कर ओल्सन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये फिरता दरोडेखोर आणि ठाण मांडून बसलेला दरोडेखोर असा फरक मांडला. फिरता सगळं लुटून जातो. ठाण मांडलेल्याला पुढच्या वर्षीही लुटायचं असतं, म्हणून तो काही मागे ठेवतो, वर इतर लुटारूंना हुसकावतो. हळूहळू त्याच्या लुटीला कर म्हणायला लागतात. कल्पना म्हणून छान आहे, पण ती प्रत्यक्षात घडताना दिसली ती काँगोच्या पूर्व भागात.

२००० साली कोल्टान या खनिजाचा भाव अचानक भडकला. इलेक्ट्रॉनिक वस्तूंत ते लागतं. कोल्टान वजनदार आणि अवजड असतं, पोतीच्या पोती वाहून न्यावी लागतात, लपवता येत नाहीत. सोनं मुठीत मावतं. राऊल सांचेस दे ला सिएरा यांनी गावोगाव फिरून जुळवलेल्या माहितीतून दिसलं की कोल्टानचा भाव चढला तशा सशस्त्र टोळ्या कोल्टानच्या खाणींवर ठाण मांडून बसल्या, इतरांना येऊ देईनात, आणि नियमित वसुली सुरू केली. सोन्याचा भाव चढला तेव्हा खाणीवर असं काही झालं नाही, कारण खाणीच्या तोंडाशी उभं राहून सोनं पकडता येत नाही. तेव्हा टोळ्यांनी आपला मोर्चा वळवला तो खाणकामगार राहतात आणि पैसा खर्च करतात त्या गावांकडे. म्हणजे राज्यसंस्थेचं हे ओबडधोबड बीज कुठे रुजणार, हे तिथे निघणाऱ्या मालाच्या वजनावर ठरलं! मला हे वाचून हसू आलं होतं आणि धडकीही भरली होती.

याची दुसरी बाजू जास्त कडू आहे. २००९ मध्ये काँगोच्या सैन्याने एफडीएलआर या बंडखोर गटाविरुद्ध मोठी मोहीम काढली. गट गावांतून हुसकला गेला, पण संपला नाही. ज्या गावांकडून तो वसुली करायचा त्यांच्यावरच पुढे त्याने धाडी घातल्या. उद्या आपण इथे नसू हे कळलं, तेव्हा मागे काही ठेवायचं कारणच उरलं नाही. आगीतून फुफाट्यात. 'आधी गुंडांना हाकला, बाकीचं नंतर बघू' हे धोरण भाषणात शोभतं, पण नंतर रात्रीच्या पहाऱ्याला कोण उभं राहणार, हे आधी ठरलेलं नसेल तर त्याचा फटका गावालाच बसतो.

आणि एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. युद्ध सगळ्यांनाच नको असतं असं नाही. अंगोलाचा बंडखोर नेता जोनास साविंबी २२ फेब्रुवारी २००२ रोजी मारला गेला, आणि सत्तावीस वर्षांच्या यादवीचा शेवट दिसू लागला. त्या देशात हिऱ्यांच्या खाणींचे परवाने असलेल्या कंपन्यांचे शेअर चढायला हवेत ना? मास्सिमो ग्विदोलिन आणि एलियाना ला फेर्रारा यांनी तपासलं, तर ते घसरले होते. युद्धामुळे नवे स्पर्धक फिरकत नव्हते, सरकार पैशाला मोताद असल्याने घासाघीस करायच्या स्थितीत नव्हतं, परवाने सोप्या अटींवर मिळत होते. शांतता आली म्हणजे ही सगळी सोय गेली. शेअरबाजाराचा प्रामाणिकपणा कधीकधी असा अंगावर येतो.

मग सत्तेला लगाम घालायचा कसा? संस्था, संस्था असं आपण म्हणत राहतो, आणि डोळ्यांसमोर येते ती खांबांची मोठी इमारत. मला त्यापेक्षा बाराव्या शतकातल्या इटलीतल्या जिनोआची गोष्ट जास्त शिकवते. भूमध्य समुद्रावर व्यापार करणारं हे शहर. आत बलाढ्य घराणी, त्यांचे उंच मनोरे, त्यांची पदरी बाळगलेली माणसं. कारभार कॉन्सुलांकडे, म्हणजे शहराच्या निवडलेल्या कारभाऱ्यांकडे, आणि कॉन्सुल या घराण्यांतलेच. व्यापार वाढला की कॉन्सुलपदाचं मोल वाढायचं, आणि मोल वाढलं की हाणामारी. भरभराटच भांडणाला खतपाणी घालत होती. ११८९ पासून तर उघड यादवी माजली.

अखेर ११९४ मध्ये घराण्यांनी एक तोड काढली. दरवर्षी बाहेरगावाहून एक कारभारी नेमायचा, त्याला पोदेस्ता म्हणत. तो जिनोआचा नसला पाहिजे. येताना आपले न्यायाधीश आणि मूठभर शिपाई घेऊन यायचं. वर्षभर गावातल्या लोकांत मिसळायचं नाही, मालमत्ता घ्यायची नाही, स्वतःचा व्यापार करायचा नाही, सोयरीक जुळवायची नाही. मुदत संपली की हिशोब तपासून घ्यायचा आणि शहर सोडायचं. यातलं गणित अवनेर ग्राइफ यांनी उलगडून दाखवलंय. पोदेस्ताचे शिपाई इतके थोडे की शहर बळकावणं त्याला अशक्य. पण ज्या घराण्यावर हल्ला होईल त्याच्या बाजूने तो उभा राहिला तर हल्लेखोराचं पारडं हलकं पडेल, इतके पुरेसे. म्हणून आधी हात उचलण्यात कुणाचाच फायदा राहिला नाही. व्यापार फोफावला. घराण्यांचं वैर काही मिटलं नाही, ते आतल्या आत धुमसत राहिलं आणि पुढे पुन्हा उफाळलं. पण तोवर कितीतरी जहाजं जाऊन आली!

इंग्लंडची गोष्ट अनेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने सराफांचं कर्ज फेडायचं सरळ थांबवलं. राजालाच कोण जाब विचारणार? १६८८ च्या सत्तांतरानंतर कर आणि खर्चाच्या चाव्या संसदेकडे गेल्या, आणि १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली तेव्हा बारा लाख पौंडांचं कर्ज आठ टक्क्यांनी बारा दिवसांत उभं राहिलं. १७३० च्या दशकात सरकारला तीन टक्क्यांच्या आसपास पैसा मिळत होता. राजाचे हात बांधले आणि राज्याची पत वाढली. यात दोन मेखा आहेत. पहिली म्हणजे, ते कर्ज फ्रान्सशी युद्ध करण्यासाठीच होतं. चांगल्या संस्था शांतताच आणतात असं नाही, त्या युद्धही स्वस्तात करून देतात. दुसरी मेख मोठी. हा लगाम ज्यांना संसदेत आवाज होता त्यांच्यापुरताच होता. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी घेतलेली ईस्ट इंडिया कंपनी तिथल्या शेतकऱ्यासाठी निव्वळ बेलगाम होती, आणि १७७० च्या दुष्काळातही तिला कर वसुलीची घाई होती. लंडनमधल्या संस्थांचं कौतुक करताना लगामाचं दुसरं टोक कुणाच्या हातात नव्हतं, हेही बघायला हवं.

इथवर आलं की कुणीतरी चीनचं नाव काढणारच. खंबीर नेता, झटपट निर्णय, आणि बघा केवढी प्रगती. मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. पार्क चुंग-ही या लष्करी राज्यकर्त्याच्या काळातला दक्षिण कोरियाही याच्यात बसतो, आणि तो मला जास्त अवघड वाटतो. माझं उत्तर इतकंच की पार्कच्या डोक्यावर उत्तर कोरियाची टांगती तलवार होती. निर्यातदारांना बुडवणं त्याला परवडणारंच नव्हतं. त्याला लगाम होता, फक्त तो संविधानातून आला नव्हता. चीनची सर्वात वेगवान वाढ झाली ती माओनंतरच्या काळात, जेव्हा पक्षाने मुद्दाम स्वतःला बांधून घेतलं होतं. १९८२ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती होत्या. ती मर्यादा २०१८ च्या मार्चमध्ये काढली. मग ३ नोव्हेंबर २०२० रोजी अँट ग्रुप या चिनी वित्तकंपनीची सुमारे साडेतीन हजार कोटी डॉलरची शेअरविक्री, जगातली तोवरची सर्वात मोठी ठरणारी, नोंदणीला दोन दिवस उरले असताना थांबवली गेली. पुढच्या जुलैत शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमवायला बंदी आली, आणि एक अख्खा उद्योग बसला. त्या निर्णयांमागे कारणं असतीलही. पण नियम एका रात्रीत बदलू शकतो हे एकदा दिसलं, की पुढचा माणूस कारखाना टाकताना दहा वर्षांचा हिशोब मांडत नाही. झटपट निर्णयाचं कौतुक करणाऱ्यांनी तोच निर्णय आपल्याविरुद्ध तितक्याच झटपट होईल हे धरून चालावं.

शांतता करारांकडेही मी आता याच नजरेने बघते. सह्या कुणी केल्या यापेक्षा हरणाऱ्याच्या हाती काय राहिलं, हे आधी बघते. अंगोलात १९९१ मध्ये करार झाला, १९९२ च्या सप्टेंबरात निवडणूक झाली. सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष दोस सांतोस ४९ टक्क्यांवर, साविंबी ४० वर. राष्ट्राध्यक्षपद एकच, आणि ते मिळालं की तेल, सैन्य, नेमणुका सगळं मिळणार. साविंबीने निकाल नाकारला, दुसरी फेरी झालीच नाही, आणि आणखी दहा वर्षं रक्त सांडलं. त्या काळात अंगोलात गुंतवणूक आली नाही असं नाही. ती आली खोल समुद्रातल्या तेलात, जिथे कुणाचीच बंदूक पोचत नव्हती. जिरासोल हे तेलक्षेत्र १९९६ मध्ये सापडलं आणि २००१ मध्ये, यादवी चालू असतानाच, तिथून तेल निघू लागलं. किनाऱ्यावरच्या माणसाला त्यातून काय मिळालं, ते विचारू नका.

मोझॅम्बिकमध्ये १९९२ मध्येच रोम करार झाला, पण तिथे घाई केली नाही. बंदुका खाली ठेवून झाल्यावर १९९४ मध्ये निवडणूक घेतली, आणि रेनामो या बंडखोर गटाला राजकीय पक्ष म्हणून उभं राहण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या निधीतून चक्क पैसे दिले. हरल्यावरही संसदेत बसायला जागा होती. काहींना ही लाच वाटली. मला ती फार स्वस्तात मिळालेली शांतता वाटते. २००० साली मापुतोजवळ मोझाल हा अ‍ॅल्युमिनियम कारखाना सुरू झाला. शंभर कोटी डॉलरहून जास्त पैसा, आणि उचलून दुसरीकडे नेता येणार नाही असा. आठ वर्षांपूर्वी ज्या देशात यादवी होती तिथे कुणीतरी हे धाडस केलं.

पण लगाम पुढे सैल होत गेला. रेनामोला जिथे जास्त मतं पडायची त्या प्रांतांचे गव्हर्नरही राष्ट्राध्यक्षच नेमायचे, आणि २०१३ मध्ये पुन्हा गोळीबार सुरू झाला. त्याच सुमारास सरकारी हमीवर सुमारे दोनशे कोटी डॉलरची कर्जं संसदेला न सांगता काढली गेली, कागदोपत्री गस्तीची जहाजं आणि ट्यूना मासेमारीच्या बोटींसाठी. २०१६ मध्ये ते बाहेर आलं, नाणेनिधीने मदत रोखली, चलन कोसळलं. तेव्हाचे अर्थमंत्री मानुएल शांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरवण्यात आलं. उत्तरेत काबो देल्गादोमध्ये समुद्राखाली प्रचंड नैसर्गिक वायू सापडला होता. तिथे २०१७ मध्ये बंडखोरी सुरू झाली, २०२१ च्या मार्चमध्ये पाल्मा गावावर हल्ला झाला, आणि महिन्याभरात टोटाल कंपनीने दोन हजार कोटी डॉलरच्या प्रकल्पाचं काम थांबवलं. ते पुढे वर्षानुवर्षं थांबूनच राहिलं.

२०२१ च्या जुलैत तिथे रवांडाचे सैनिक आले, आणि त्यांनी बंडखोरांना बऱ्याच भागातून मागे रेटलं हे खरं. बाहेरून आणलेले, स्थानिक भांडणात हितसंबंध नसलेले शिपाई, म्हणजे जिनोआचाच तोडगा की, असं कुणी म्हणेल. पण पोदेस्ता भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना मान्य असायचा, वर्षभराने त्याचा हिशोब व्हायचा आणि तो निघून जायचा. हे सैनिक आले तेव्हा आपल्याला विचारलंच नाही, अशी मोझॅम्बिकच्या संसदेतल्या विरोधकांची तक्रार होती.